सीआरपी खाली आला म्हणजे माणूस बरा झाला का?

"मॅडम, या औषधानं सीआरपी कमी होतो असं तुम्हीच सांगताय. मग ट्रायल कशाला हवी? सरळ सगळ्यांना देऊन टाका की."

संमतीपत्र समजावून सांगायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. कधी पेशंट विचारतात, पण जास्त वेळा शेजारी बसलेला मुलगा किंवा सून विचारते. मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधांच्या माणसांवर होणाऱ्या चाचण्यांमध्ये, को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते. तारखा सांभाळणं, नमुने पाठवणं, फॉर्म भरणं हे रोजचं असतंच, पण समोरच्याचा प्रश्न नीट ऐकून त्याला खरं उत्तर देणं हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मी मानते. वरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन मिनिटांत देता येत नाही. त्यासाठी आधी सीआरपी म्हणजे काय ते कळायला हवं, आणि मग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच्याभोवती झालेल्या ट्रायल्सनी काय शिकवलं तेही.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू-चिकुनगुनियाचे ताप सुरू झाले की फॅमिली डॉक्टर सीबीसीच्या जोडीला सीआरपी लिहून देतात. रिपोर्टमध्ये आकडा ठळक अक्षरांत छापून आला की घरचे घाबरतात. "रक्तात इन्फेक्शन निघालं," असं एकमेकांना फोनवर सांगितलं जातं. सीआरपी म्हणजे इन्फेक्शन नव्हे. ते आपल्याच यकृतानं बनवलेलं एक प्रथिन आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा आढळलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणातल्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून त्याला सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन असं नाव पडलं. नंतर लक्षात आलं की न्यूमोनियाच कशाला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हार्ट अटॅक आला, संधिवात भडकला, तरी ते वाढतं. शरीरात कुठेही दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप सोडतात. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी बनवायला लागतं.

हे फार झपाट्यानं होतं. सहा-आठ तासांत आकडा चढायला लागतो, साधारण दोन दिवसांत टोक गाठतो, आणि मोठ्या दाहात तो नेहमीच्या हजारपटीपर्यंत जाऊ शकतो. उतरतोही तसाच. रक्तातला सीआरपी निम्मा व्हायला सुमारे १९ तास पुरतात, म्हणजे मूळ कारण थांबलं की दोन-तीन दिवसांत उतार दिसतो. म्हणूनच वॉर्डातल्या डॉक्टरांना तो आवडतो. ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्तचाचणी, पण तिचा आकडा चढायला-उतरायला कितीतरी जास्त वेळ घेतो, त्यामुळे आज दिलेलं अँटिबायोटिक लागू पडतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. सीआरपीवरून अंदाज येतो.

पण दाह कुठे आहे आणि कशामुळे आहे, याबद्दल सीआरपी काहीही सांगत नाही. फुप्फुसात जंतू आहेत की हिरडी सुजली आहे, की पोटावर चरबी साठली आहे, की माणूस रोज सिगारेट ओढतो, आकडा पाहून हे ओळखता येत नाही. गरोदरपणात तो थोडा चढतो, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही चढतो. कुकरची शिट्टी वाजली की आत वाफ दाटली आहे एवढं कळतं. आवाज नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, तर गॅस बारीक होत नाही. दार लावणारं औषध कोणतं आणि गॅस बारीक करणारं कोणतं, हे ओळखण्यासाठीच ट्रायल लागते.

ट्रायल्सकडे वळण्याआधी रिपोर्टबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथे फार गोंधळ होतो. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. या दोघांत दहापटीचा फरक आहे. एका लॅबचा ०.८ आणि दुसरीचा ८ हा एकच आकडा असू शकतो. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक बघायचं. दुसरी गोष्ट, साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी यांत रेणू तोच असतो, एचएसमध्ये मोजायची पद्धत जास्त बारीक असते. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये येतो तो बहुतेकदा एचएस. हृदयविकाराच्या जोखमीसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००३ साली ठरवलेली विभागणी अजून वापरात आहे: मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ पेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर आला तर त्यावरून हृदयाबद्दल काही ठरवायचंच नसतं. ताप, दाढ, जखम यांतलं काही चालू आहे का ते बघायचं आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सर्दी-तापात असताना पॅकेजमधला एचएस-सीआरपी करून हृदयाची काळजी करत बसणारे लोक मी बघते, तेव्हा त्या चाचणीचे पैसे वाया गेल्याचं वाईट वाटतं, आणि उगाच गेलेल्या झोपेचं त्याहून जास्त.

जास्त सीआरपीवाल्यांना अटॅक जास्त, पण का?

१९९७ मध्ये बॉस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटानं अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांच्या जुन्या, साठवून ठेवलेल्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांचा सीआरपी सुरुवातीला जास्त होता त्यांना पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त आले होते. २००२ मध्ये त्यांनीच जवळपास २८ हजार स्त्रियांचा अभ्यास मांडला. सरासरी आठ वर्षांच्या पाठपुराव्यात सीआरपीनं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलपेक्षाही अटॅकचा चांगला अंदाज दिला होता. कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही अटॅक का येतो, हा प्रश्न तेव्हाही घराघरांत होता आणि आजही आहे. साहजिकच सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं म्हणता येत नाही. ज्याचं पोट सुटलंय, जो सिगारेट ओढतो, ज्याची साखर चढलीय, त्याचा सीआरपीही वाढलेला असतो आणि त्याला अटॅकही जास्त येतात. सीआरपी स्वतः गुन्हेगार आहे की फक्त घटनास्थळी हजर होता, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही.

याचा एक फार सुंदर उलगडा जनुकांनी करून दिला. काही लोकांमध्ये सीआरपीच्या जनुकातच असा फरक असतो की त्यांचा आकडा जन्मभर थोडा जास्त राहतो. असं जनुक कुणाच्या वाट्याला यावं हे आईवडिलांकडून येणाऱ्या योगायोगावर ठरतं, सवयींवर किंवा पैशावर नाही. जणू निसर्गानंच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले असतात. सीआरपीमुळे हृदयविकार होत असेल तर या लोकांना तो जास्त व्हायला हवा. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी सुमारे ५० हजार लोकांत हे तपासलं. जनुकांमुळे आकडा जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. २०११ मधल्या त्याहून मोठ्या एकत्रित अभ्यासातही तेच दिसलं. म्हणजे सीआरपी खबर देतो, रोग घडवत नाही. संशयाची सुई त्याच्या वरच्या साखळीकडे, इंटरल्यूकिनकडे वळली.

ज्युपिटर: आकडा बघून माणसं निवडली

दरम्यान ज्युपिटर ही ट्रायल झाली, आणि २००८ मध्ये तिच्या निकालानं मोठी खळबळ उडवली. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ट्रायल कशी वाचायची हे शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही.

पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि साठी ओलांडलेल्या स्त्रिया, हृदयविकार नाही, एलडीएल १३० च्या खाली, पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, अशी १७,८०२ माणसं २६ देशांतून घेतली. अर्ध्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध), अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळणार हे संगणकाच्या चिठ्ठीवर ठरलं. पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. चिठ्ठी कशासाठी, तर दोन्ही गट वय, वजन, खाणं, काळजी, नशीब अशा सगळ्या बाबतींत सारखे व्हावेत आणि शेवटी फरक दिसला तर तो गोळीचाच असावा. माझ्याशी भांडणारे बहुतेक नातेवाईक याच मुद्द्यावर भांडतात: "आमच्या वडिलांना खरं औषधच द्या." खरं औषध चांगलं आहे हे आधीच ठाऊक असतं तर ट्रायल करायला परवानगीच मिळाली नसती.

ज्युपिटर ठरल्यापेक्षा लवकर, साधारण दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतरच थांबवली. हार्ट अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी-बायपास, अनस्टेबल अँजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत अचानक वाढणाऱ्या दुखण्यासाठी) भरती आणि हृदयविकारानं मृत्यू, हे सगळं मिळून ४४ टक्क्यांनी कमी झालं होतं. वर्तमानपत्रांत हाच आकडा आला. तो खरा आहे, पण निम्मीच गोष्ट सांगतो. प्लासिबोवरच्या हजार लोकांत वर्षाला तेरा-चौदा जणांना असा काही त्रास झाला, औषधावरच्या हजारांत सुमारे आठ जणांना. म्हणजे हजार माणसांनी वर्षभर गोळी घेतली तर साधारण सहा जणांचं संकट टळलं. ते सहा जण कमी महत्त्वाचे नाहीत. पण गोळी घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला दोन्ही आकडे कळायला हवेत, आणि औषधाच्या गटात मधुमेहाची नवी निदानं थोडी जास्त झाली हेही.

आता खरी गोम. या ट्रायलमध्ये सीआरपी कमी असलेल्यांना घेतलंच नव्हतं. त्यामुळे सीआरपी जास्त असणाऱ्यांनाच स्टॅटिनचा फायदा होतो का, हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही. सीआरपी हे फक्त आत येण्याचं दार होतं. शिवाय स्टॅटिननं एलडीएल निम्म्यावर आणलं आणि सीआरपीही उतरवला. दोन्ही एकदम घडलं, मग श्रेय कुणाचं? ट्रायलचा खर्च औषध बनवणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेकानं केला होता, आणि दाहाच्या चाचण्यांच्या पेटंटमध्ये रिडकर यांचं नाव आहे. दोन्ही गोष्टी शोधनिबंधात उघड लिहिलेल्या आहेत. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण वाचताना त्या लक्षात ठेवाव्यात. आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, भारतातल्या केंद्रांचाही समावेश असलेल्या होप-३ ट्रायलनं सीआरपीची अट न घालता १२,७०५ लोकांना रोसुवास्टॅटिन किंवा प्लासिबो दिलं. सीआरपी जास्त असो की कमी, फायदा सारखाच होता. ज्युपिटरनं न विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर.

दाहावरच नेम

खरी कसोटी हवी तर कोलेस्टेरॉलला अजिबात हात न लावणारं आणि फक्त दाह कमी करणारं औषध लागतं. २०१७ ची कँटोस ही ट्रायल तशी होती. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेले १०,०६१ पेशंट. औषध कॅनाकिनुमॅब, तीन महिन्यांतून एक इंजेक्शन. ते इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं, म्हणजे साखळीत इंटरल्यूकिन-६ च्याही वर. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, सीआरपी उतरला, आणि मधल्या डोसवर अटॅक, पक्षाघात व हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. हृदयविकारात दाहाचा हात आहे, याचा माणसांवरच्या ट्रायलमधला हा पहिला ठोस पुरावा. मला आजही ही ट्रायल वैद्यकातल्या फार मोठ्या क्षणांपैकी एक वाटते.

आणि तरी हे औषध हृदयरोगासाठी बाजारात आलं नाही. जीवघेणी इन्फेक्शन्स औषधाच्या गटात जास्त झाली. सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू एकत्र धरले तर फरक उरला नाही. औषध अफाट महाग होतं. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं २०१८ मध्ये या वापराला नकार दिला.

कँटोसमधला एक उपनिकाल खूप गाजला: पहिल्या इंजेक्शननंतर ज्यांचा सीआरपी २ च्या खाली आला त्यांना २५ टक्के फायदा झाला, बाकीच्यांना फारसा नाही. ऐकायला हे पटतं, पण जपून. चिठ्ठी टाकली होती ती औषध की प्लासिबो यासाठी. कुणाचा सीआरपी उतरेल यासाठी चिठ्ठी नव्हती. ज्यांचा उतरला ते मुळातच जास्त धडधाकट असू शकतात. हा धोका किती मोठा असतो ते १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या ट्रायलनं दाखवलं होतं. कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये प्लासिबोच्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळ्या नेमानं घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, आणि त्याच गोळ्या नेमानं न घेणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. पोकळ गोळीनं कुणी वाचत नाही. नेमानं गोळी घेणारी माणसंच वेगळी असतात.

कँटोसच्या जोडीला सर्ट नावाची ट्रायल चालू होती. संधिवाताचे पेशंट आठवड्यातून एकदा घेतात ते स्वस्त मेथोट्रेक्सेट, कमी डोसमध्ये, ४,७८६ हृदयरोग्यांना. इथे सीआरपी उतरलाच नाही, आणि अटॅकही कमी झाले नाहीत. अपयशी ट्रायल म्हणून ती विसरली जाते, पण 'दाह कमी करणारं' असं नाव असलेलं प्रत्येक औषध प्रत्येक दाह कमी करत नाही, हे तिनंच दाखवलं.

मग आली कॉल्चिसिन. गाऊटसाठी, म्हणजे युरिक आम्लामुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी, वर्षानुवर्षं वापरात असलेली, गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारी स्वस्त गोळी. २०१९ च्या कोलकॉट ट्रायलमध्ये नुकताच अटॅक येऊन गेलेल्या ४,७४५ लोकांत तिनं पुढची संकटं ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणली. २०२० मध्ये लोडोको-२ नं, ५,५२२ स्थिर हृदयरोग्यांत, ९.६ वरून ६.८ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत तिला हृदयासाठी मान्यताही मिळाली. सगळं जुळून आलं असं वाटत होतं. आणि २०२४ च्या अखेरीस क्लिअर ट्रायलचा निकाल आला. अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेले ७,०६२ पेशंट, आधीच्या कोलकॉटपेक्षा मोठी संख्या. कॉल्चिसिनवर ९.१ टक्के, प्लासिबोवर ९.३ टक्के. फरक नाही म्हणण्याइतकाच. जुलाबाचा त्रास तेवढा जास्त.

आणि या ट्रायलमध्ये तीन महिन्यांनी मोजलेला सीआरपी कॉल्चिसिनच्या गटात खाली होता. आकडा उतरला, अटॅक मात्र तेवढेच राहिले. "सीआरपी कमी होतो ना, मग द्या की" या म्हणण्याला याहून सरळ उत्तर मला देता येत नाही. निकाल असे वेगवेगळे का आले, यावर तज्ज्ञांचे मतभेद चालू आहेत. अटॅकनंतर औषध किती लवकर सुरू केलं, ट्रायल कोविडच्या काळात चालली त्याचा परिणाम किती, अशी कारणं मांडली जातात. स्थिर हृदयरोग्यांबद्दलचा लोडोको-२ चा निकाल क्लिअरमुळे पुसला जात नाही, कारण पेशंट वेगळे होते. पण अटॅक आलेल्या प्रत्येकाला डिस्चार्जच्या वेळी कॉल्चिसिन लिहून द्यावी असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही, असं माझं मत आहे.

झिल्टिव्हेकिमॅब नावाचं औषध थेट इंटरल्यूकिन-६ ला पकडतं. २०२१ च्या रेस्क्यू नावाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये, २६४ किडनीविकाराच्या पेशंटमध्ये, सर्वात मोठ्या डोसवर सीआरपी ९२ टक्क्यांनी उतरला. तरीही कुणी पेढे वाटले नाहीत. त्यानंतर हजारो पेशंटची झ्यूस ही ट्रायल हाती घेतली गेली, आणि तिचा मुख्य निकष सीआरपी नाही. अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू मोजायचे असं ठरलं.

कोविडमध्ये पुण्यानं हे पाहिलंय

२०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यातली कितीतरी कुटुंबं टोसिलिझुमॅबचं एक इंजेक्शन मिळावं म्हणून रात्रंदिवस फोन करत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर पेशंटचं वय, ऑक्सिजन आणि सीआरपी लिहिलेले मेसेज फिरत होते. त्या दिवसांत सीआरपी हा शब्द घरोघरी पोचला. टोसिलिझुमॅबही इंटरल्यूकिन-६ चाच मार्ग अडवतं.

ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये या औषधासाठी दोन अटी होत्या: ऑक्सिजन कमी पडत असणं, आणि सीआरपी किमान ७५. दाह खरोखर पेटलाय अशांनाच घ्यायचं, यासाठी ते दार. ४,११६ पेशंट. २८ दिवसांत औषधावरचे ३१ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांवरचे ३५ टक्के. शंभरांत चार जीव वाचले. आपल्याकडे १२ रुग्णालयांत झालेल्या कोव्हिंटॉक ट्रायलमध्ये १८० पेशंट होते, आणि ठरवलेल्या मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. ती ट्रायल चुकीची होती असं नाही. शंभरात चारचा फरक दिसायला हजारो माणसं लागतात, शे-दोनशेत तो निसटतो. त्याच रिकव्हरीनं २०२० च्या जूनमध्ये काही रुपयांच्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात हे दाखवलं होतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. घरी बसून, नुसता सीआरपी थोडा वाढला म्हणून स्टिरॉइड सुरू केलेल्या लोकांबद्दल ऐकलं की आजही जीव तुटतो.

जाता जाता एक साधी, उपयोगी ट्रायल. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या प्राथमिक केंद्रांत खोकला-तापाच्या २,०३७ पेशंटपैकी अर्ध्यांचा सीआरपी बोटाच्या थेंबभर रक्तावर तिथल्या तिथे तपासला. अँटिबायोटिक घेणाऱ्यांचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आलं, आणि बरं होण्यात फरक पडला नाही. सीआरपीचा मला सर्वात आवडणारा उपयोग हा आहे.

पुण्याचाही या विषयात वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपली माणसं बारीक दिसूनही आतून चरबीवाली असू शकतात, हे या एका फोटोनं जगाला समजावलं. चरबी ही नुसती साठवण नसते. विश्रांतीच्या वेळी रक्तातलं सुमारे एक तृतीयांश इंटरल्यूकिन-६ तिच्यातूनच येतं. याच गटानं पुढे पुणे परिसरातल्या गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष घेऊन चरबी, दाह आणि साखर एकत्र तपासली. म्हणून परदेशी ट्रायलमधली '२ च्या वर' ही रेघ इथे तशीच्या तशी लागू होते का, हे इथल्या माणसांवरच तपासायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि त्यासाठी इथल्या माणसांनी समजून-उमजून ट्रायलमध्ये यायला हवं.

तुम्हाला कुणी ट्रायलबद्दल विचारलं तर

संमतीपत्र मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे. घरी न्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. वाचता येत नसेल तर समजावताना तटस्थ साक्षीदार हजर असायला हवा. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीची मान्यता लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या नोंदवहीत प्रत्येक ट्रायलची माहिती सगळ्यांना खुली असते. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि तिथे 'प्रायमरी आउटकम', म्हणजे ट्रायलचा मुख्य निकष, ही ओळ वाचा, किंवा घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. तिथे फक्त सीआरपी लिहिलंय की अटॅक, भरती, मृत्यू लिहिलेत? फक्त सीआरपी असेल तर ती सुरुवातीच्या टप्प्याची ट्रायल आहे. तिच्यात भाग घेण्यात गैर काही नाही, पण तिच्यातून तुमचा अटॅक टळेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. प्लासिबो मिळाला तरी माझी नेहमीची औषधं चालू राहणार ना, हे स्पष्ट विचारा. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका.

ट्रायलमध्ये गेलात तर जे ओळखकार्ड मिळतं ते पाकिटात कायम ठेवा. हे मी प्रत्येक पेशंटला, काकूंना तर दोनदा सांगते. इंटरल्यूकिन-६ अडवणारं औषध चालू असताना यकृताला निरोपच पोचत नाही, त्यामुळे न्यूमोनिया झाला तरी सीआरपी खालीच राहू शकतो, तापही कमी दिसू शकतो. रात्री-अपरात्री दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सीआरपी २ पाहून "इन्फेक्शन दिसत नाही, घरी जा" म्हटलं, तर ते कार्ड त्यांच्या समोर ठेवा आणि त्यावरच्या नंबरवर फोन करायला सांगा.